पेणची बाई, रोह्याचं भूत

भुताच्या सिनेमाला लोक घाबरायला जातात. माझा भाऊ वसंता भुताला शिकवायला जातो.

पडद्यावर पांढऱ्या साडीतली बाई हातात मेणबत्ती घेऊन निघाली की वसंता खुर्चीतून अर्धा उठतो आणि ओरडतो, "अगो बाय, वारा बघ किती सुटलाय! मेणबत्ती टिकंल काय? कंदील घे!" दार करकरत आपोआप उघडलं की म्हणतो, "बिजागरीला तेल सोडा रे कुणीतरी." भूत खदाखदा हसायला लागलं की, "हसतंस कशाला? विनोद काय झाला, आम्हाला पण सांग." पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसतात, मागच्या रांगेतले शिव्या देतात आणि भूत आपलं काम उरकून निघून जातं. पेणच्या थिएटरातल्या डोअरकीपरनं त्याला एकदा दंडाला धरून बाहेर काढलं होतं. पुन्हा काढलं नाही. तोवर लोक आधी विचारायला लागले होते, "वसंतशेठ आत हायत ना? मग द्या तिकीट."

मी त्याची मोठी बहीण. अख्खी आळी मला आक्का म्हणते. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढं जन्मभर पापड लाटले. सिनेमातलं मला काही कळत नाही आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही. पण वसंता माझ्यापासून दोन घरं पलीकडे राहतो, दोन्ही वेळा जेवायला माझ्याकडे असतो आणि घास तोंडात असला तरी तोंड बंद ठेवत नाही. त्यामुळं मी न बघितलेले सिनेमेसुद्धा मला पाठ आहेत.

वसंताचं काम आखणीचं. म्हणजे गणपतीच्या मूर्तीचे डोळे काढायचे. मूर्ती साच्यातून निघते, सुकते, तिला पांढरा हात देतात, मग अंगाचा रंग, मग पितांबर, मग दागिने. हे सगळं झाल्यावर अगदी शेवटी आखणी. हा क्रम कुणी मोडत नाही. आखणी होईपर्यंत कारखान्यातली माणसं मूर्तीच्या मांडीवर चहाचा पेला ठेवतात. डोळे झाले की पेला उचलतात. वसंताचा हात असा, की सीझनमध्ये हमरापूरहून कारखानदार स्वतः त्याला न्यायला येतात, आणि हा त्यांना आदल्या दिवशीच्या सिनेमाची गोष्ट ऐकवल्याशिवाय ब्रश उचलत नाही.

जगातलं जे काही बिघडलेलं असेल त्याला वसंताचा एकच शब्द, "आखणी चुकली." माझ्या आमटीत मीठ जास्त झालं, आखणी चुकली. वडखळच्या नाक्यावर गाड्या अडकल्या, आखणी चुकली. आमच्या भाच्याची बायको पहिल्यांदा घरी आली, तेव्हा तिच्याकडे नीट बघून तो मला हळूच म्हणाला, "आक्का, आखणी बरोबर हाय गो." यापेक्षा मोठी शाबासकी त्याच्याजवळ नाही.

सिनेमातल्या भुतांवर त्याचा मुख्य राग डोळ्यांवरून. "बुबुळंच काढून टाकतात मेले," तो म्हणतो. "पांढरे फटक डोळे. अरे, बुबुळ नाय तर त्याला दिसणार काय? ज्याला दिसतच नाय त्याला भ्यायचं कशाला? भुतानं नीट बघायला पायजे. घरचं माणूस बघतं तसं. मग बघ तुझी कशी गाळण उडते."

दुसरा राग भुतांच्या कामधंद्यावर. "मला सांग आक्का, बाई मेली. एवढ्या लांबून परत आली. तर आल्या आल्या झुंबर पाडील काय? पियानो वाजवील? आधी घर बघंल! पिंपात पाणी हाय का, दोरीवरचे कपडे कुणी काढले का, भांडी घासलीयत का तशीच पडलीयत. ह्या सिनेमावाल्यांच्या घरात बायका असतात का नाय?"

मी म्हणायचे, "भुताला भांडी घासायला लावतोस?"

"मी कशाला लावू? तिलाच राहवणार नाय."

हे वेड त्याला पहिल्यापासून नव्हतं. शालन, त्याची बायको, तापाचं निमित्त होऊन गेली. पोरबाळ नव्हतं. वर्षश्राद्ध झालं आणि तेव्हापासून हा भुताच्या सिनेमांना जायला लागला. आळीतल्या बायका मला सांगायला आल्या, "आक्का, भावाकडं लक्ष दे गो, डोक्यावर परिणाम झालाय." मी म्हटलं, दारूच्या दुकानात बसण्यापेक्षा थिएटरात बसलेला बरा. तिथं निदान पंखा असतो.

एकदा समोरच्यांनी नातवाच्या बारशाला भाड्यानं व्हिडिओ आणला. कॅसेट आणायचं काम कुणाला द्यावं, तर वसंताला. बायका काठापदराची लुगडी नेसून पाळण्याभोवती बसल्या, टीव्ही लागला आणि स्मशानातून एक कवटी गडगडत बाहेर आली. पोर किंचाळलं, पोराची आजी त्याहून मोठ्यानं किंचाळली. वसंताला काही वाटलं नाही. "पाळण्यातल्याला काय कळतंय?" तो म्हणाला. "न् ही कवटी बघा, खाली दोरी बांधलेली दिसते. पोराला आत्ताच दाखवून ठेवा, म्हणजे जन्मभर भिणार नाय." त्या पोराचं नाव काय ठेवलं ते त्या गडबडीत आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारून यावं लागलं.

काही सिनेमे इतके वाईट असतात की त्यांची गोडी लागते, असंही तो म्हणतो. रोह्याला असा एक लागला होता. त्यात एक विहीर होती आणि विहिरीतून हात वर यायचा. हात हिरवा रंगवलेला, नखं लांब. पण रंगवणाऱ्याचा हात मनगटाशी कमी पडला होता आणि तिथं घड्याळाच्या पट्ट्याचा गोरा डाग चांगला दिसत होता. "भूत ड्युटीवर आलंय," वसंता ओरडला, "घड्याळ काढून ठेवलंय बघा!" थिएटर धाटावच्या कंपन्यांतल्या कामगारांनी भरलेलं. पुढच्या वेळी हात वर आला तेव्हा सगळे एका सुरात ओरडले, "सेकंड शिफ्ट!" त्या दिवसापासून तो सिनेमा रोह्यात उतरेना. कामावरून सुटलेली माणसं डबा हातात घेऊन फक्त 'सेकंड शिफ्ट' ओरडायला जायची. वसंताही किती वेळा गेला ते त्याचं त्यालाच ठाऊक.

आणि मग दाढीचे सिनेमे. हे नाव वसंतानंच ठेवलेलं. ते काढणारे दाढीवाले, बघणारे दाढीवाले. टीव्हीवर रविवारी दुपारी परक्या भाषेतले लागायचे. सगळी आळी आडवी झालेली असायची, वसंता तेवढा माझ्या घरात भिंतीला टेकून टक लावून बसलेला. भाषा कळत नाही, खालची इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत. तरी तो मला सांगायचा कोण काय बोललं ते. एक म्हातारा पायरीवर बसून तळ्याकडे बघतोय, बघतोय, बघतोयच. माझी भाकरी थापून झाली तरी तो तिथंच.

"काय करतोय रे तो?" मी विचारायचे.

"चप्पल काढणार हाय."

"कशावरून?"

"बघ तू."

दुसरी भाकरी झाली आणि म्हाताऱ्यानं चप्पल काढली. वसंतानं मांडीवर थाप मारली. "सांगितलं नव्हतं? काय माणूस हाय! एका चपलेसाठी एवढा दम धरला."

दाढीच्या सिनेमाबद्दल त्याची एकच तक्रार, की शेवटी 'समाप्त' अशी पाटी येत नाही. "काढणाऱ्यालाच ठाऊक नसतं संपला का नाय ते. आपण उठायचं कधी?" हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आता आमचा धाकटा. गजा. तो रोह्याला थिएटरात मशीनवर आहे. सिनेमा दाखवायचं मशीन तो चालवतो. आमच्या बापानं दोघांनाही आखणी शिकवली, पण गजाचा हात कापायचा. एका मूर्तीला त्यानं तिरळं केलं, बापानं कान पिळला, आणि गजा रोह्याला पळून गेला तो तिथलाच झाला. हात कापणाऱ्या माणसाला एकच गोष्ट मिरवायला होती. "आयुष्यात एक रीळ चुकलं नाय माझ्याकडून. एक नाय." कुणी विचारो न विचारो, तो हे सांगायचाच. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा सांगितलं.

तर एका पावसाळ्यात पेणला दाढीचा एक सिनेमा चुकून लागला. नाव काहीतरी अवघड होतं. पोस्टरवर मोकळ्या केसांची बाई होती, थिएटरवाल्याला वाटलं भुताचा आहे. वसंता मला ओढून घेऊन गेला. एक बाई, तिचा नवरा, खेड्यातलं घर. ती पाणी भरते, तो जाळं विणतो. कुणी कुणाशी बोलत नाही. ती सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली तिथं मला झोप लागली. जाग आली तेव्हा चिता जळत होती. मग नवरा रिकाम्या घरात आला, बसला, आणि दिवे लागले. पेणला तो सिनेमा शुक्रवारी चढला आणि सोमवारी उतरला. रिळांच्या डब्यांची पेटी एसटीच्या टपावरून रोह्याला गेली.

आणि रोह्याला तो तुफान चालला. बाया पोरं घेऊन यायला लागल्या. कोलाड, खांबपर्यंतची माणसं गाड्या करून यायला लागली. आम्हाला काही उलगडा होईना.

उलगडा गणपतीत झाला, म्हणजे भांडण झालं. गजा दर वर्षीप्रमाणे घरच्या गणपतीला पेणला माझ्याकडे आला होता. दोघं भाऊ शेजारी शेजारी पाटावर, पानात मोदक, मी तूप वाढतेय.

"काय भूत हाय गो आक्का त्या सिनेमात!" गजा म्हणाला. "मशीनवर आल्यापासून असं भूत बघितलं नाय. ओरडत नाय, हसत नाय. मेल्यावर परत येते न् तांदूळ निवडत बसते."

वसंताचा हात थांबला. "कुठलं भूत? ती जिवंत असते. मागून मरते."

"आधी मरते."

"मागून मरते रे!"

"अरे, चिता दाखवलीय!"

"ती शेवटी दाखवलीय! आक्का, तू होतीस. सांग ह्याला."

मी म्हटलं, "तांदूळ निवडताना मी झोपले. उठले तर चिता."

"ऐकलंस?"

"झोपलेल्याची साक्ष काढतोय!" गजा म्हणाला. "सिनेमा माझ्या हाताखालून गेलाय, रीळ न् रीळ. तू खुर्चीत बसून भुतांना शिकवतोस."

"मग शीक. मेलेलं माणूस परत येत नाय. मला विचार."

आणि गजा बोलून गेला, "तुझी नाय आली म्हणून कुणाचीच येत नाय काय?"

वसंतानं मोदक पानात ठेवला. उठला, हात धुतला, पायात चपला घातल्या आणि घरी गेला. गजाचं तोंड उतरलं. आपण काय बोललो ते त्याला लगेच कळलं होतं. पण आमच्या बापाचा मुलगा, माफी मागणार कसा? आरतीलासुद्धा थांबला नाही, दुपारच्या एसटीनं रोह्याला गेला.

बांधावरून भांडलेले भाऊ मी पाहिले आहेत, विहिरीवरून पाहिले आहेत. कुठली कोण सिनेमातली बाई, ती आधी मेली का मागून, यावरून अबोला धरलेले हेच दोघे.

अबोला म्हणजे तरी काय सांगू. वसंता दर रविवारी एसटीत बसून रोह्याला जायचा आणि गजाच्याच थिएटरात बसून भुतांना ओरडायचा. मी म्हटलं, "बोलत नाहीस ना त्याच्याशी? मग पेणला काय थिएटर जळलंय?" तर म्हणे, "रोह्याचा पडदा चांगला हाय." मी पापड पोचवायला रोह्याला गेले की गजा विचारायचा, "परवा ओरडताना त्याचा आवाज बसल्यासारखा वाटला गो. खोकला झालाय काय? आडुळशाचा काढा दे. मी सांगितलं म्हणून सांगू नको." मी दोघांनाही मूर्ख म्हटलं. तोंडावर म्हटलं. त्यानं काही फरक पडला नाही.

मला त्या बाईच्या मरण्याशी काही कर्तव्य नव्हतं. मला गणपतीत दोघं पाटावर हवे होते. आमच्याकडची रीत मला ठाऊक आहे. एका वर्षी गणपतीतून उठून गेलेला माणूस पुढच्या वर्षी आला तर ते नुसतं भांडणच होतं असं म्हणतात. नाही आला तर दोन घरं झाली असं म्हणतात. मग पुढं गणपतीही दोन होतात.

पुढचा श्रावण सरत आला आणि रोह्याच्या थिएटरवाल्यानं लोकांच्या आग्रहाखातर तोच सिनेमा पुन्हा आणला. गजाची बायको मला सांगायला आली. मी त्याच दिवशी वसंताला म्हटलं, "उद्या रोह्याला चल. शेवटपर्यंत बघ, वर मशीनकडे जा, काय ते एकदा तोंडावर मिटव."

वसंता नवा सदरा घालून निघाला. नागोठण्यापर्यंत नुसता बडबडत होता. "आज त्याला हाताला धरून पडद्यापुढं उभा करतो. म्हणतो, दाखव कुठं हाय तुझं भूत."

तीनचा खेळ. थिएटर गच्च भरलेलं. सिनेमा सुरू झाला. ती पाणी भरते, तो जाळं विणतो. मी डोळ्यांना पाणी लावून बसले होते, या वेळी झोपायचं नाही म्हणून. बाई आजारी पडली. खाटेवर पडून राहिली, मेली. चिता जळली. नवरा रिकाम्या घरात येऊन बसला. कोपऱ्यात सूप पालथं पडलेलं.

"बघ आक्का, संपला!" वसंता उठला आणि वळून वरच्या मशीनच्या केबिनच्या भोकाकडे बघून छाती फुगवली. "कुठं हाय रे भूत?"

मागून चार-पाच जण ओरडले, "ओ काका, खाली बसा! आता तर येते ती!"

"कोण येते?"

"अहो, तीच!"

पडद्यावर दार उघडलं आणि बाई आत आली. डोक्यावर हंडा. हंडा उतरवला, चुंबळ खुंटीला लावली. सगळं थिएटर गप्प. मूलसुद्धा रडत नव्हतं. नवरा जाळं विणत होता, त्यानं मान वर केली नाही. तिनं बाहेर जाऊन दोरीवरचे कपडे काढले, त्याच्या सदऱ्याचं एक बटण चाचपून बघितलं, घडी घालून ठेवला. मग सूप घेतलं आणि उजेडाला, उंबऱ्यावर, तांदूळ निवडायला बसली. माझ्या शेजारची बाई दंड चोळत पुटपुटली, "त्याला ती दिसत नाय गो."

मला मात्र तिथंच कळलं. पेणला मी जिथं झोपले होते ते इथं आलं होतं.

वसंता अजून उभाच होता, एक हात पुढच्या खुर्चीवर. "आक्का," तो हळू म्हणाला, "हे आधीचं हाय. ह्यानं रिळं फिरवलीयत. शेवटचं आधी न् आधीचं शेवटी." मग म्हणाला, "पेटी भिजली असंल टपावर. आकडे पुसले, ह्यानं डब्यांवर अंदाजानं चिठ्ठ्या लावल्या. त्याच अजून हायत."

'समाप्त' पाटी नव्हतीच, कुणाला कळणार?

"मग जिंकलास," मी म्हटलं. "जा वर, सांग त्याला."

तो खाली बसला. बाई तांदूळ निवडत होती. एकेक खडा बाजूला टाकत होती. मधेच तिनं मान वर केली आणि नवऱ्याकडे बघितलं, नीट, डोळे भरून, आणि पुन्हा सुपात बघायला लागली. मी वाट बघत होते, आता वसंता ओरडेल, आता काहीतरी शिकवेल. त्यानं त्या भुताला काहीही शिकवलं नाही. दिवे लागले तरी तो पडद्याकडेच बघत बसला होता. झाडणारा केरसुणी घेऊन आला तेव्हा मी त्याला हाताला धरून उठवलं.

केबिनला लोखंडी जिना आहे. माझे गुडघे काही तो जिना चढण्यासारखे नाहीत, पण चढले. गजा दारातच उभा होता, हात तेलकट, छाती पुढं आणि तोंड पांढरं. वसंताकडे न बघता तो मला म्हणाला, "आक्का, विचार त्याला. भूत का बाई?"

मी म्हटलं, "तूच विचार. मी काय टपालवाली आहे?"

वसंतानं केबिनमधल्या डब्यांकडे बघितलं. ओळीनं लावलेले, गजाच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या, कडा सरळ कापलेल्या. आमच्या गजाचं सगळं टापटिपीचं.

"भूत," वसंता म्हणाला.

"काय?"

"भूत रे बाबा. तुझं खरं."

"मग गेल्या साली तू..."

"पेणच्या मशीनवाल्यानं रिळं चुकवली असणार. आखणी चुकली त्याची."

गजा एकदम फुलला. "मी सांगत नव्हतो? अरे, पेणचा तो! मला आधीच ठाऊक होतं! त्याला मशीनच्या दिव्यात साधा कार्बन लावता येत नाय! आयुष्यात माझ्याकडून एक रीळ..." आणि सुरू झाला. पेणच्या मशीनवाल्याचा यात काही दोष नव्हता हे मी इथं सांगून ठेवते. गरीब माणूस आहे. त्याला अजूनही कळलेलं नाही की रोह्यात लोक त्याला का हसतात.

बोलता बोलता गजा थांबला. कपड्याला हात पुसले, पुन्हा पुसले. "दादा, मी तेव्हा वहिनीवरून जे बोललो ते..."

"चहा सांग," वसंता म्हणाला. "ऊन पडलंय तोवर निघतो. न् गणपतीत आदल्या दिवशी ये, मखर मला एकट्याला उचलत नाय."

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. वसंता नागोठण्यापर्यंत एक अक्षर बोलला नाही. शेवटी मीच विषय काढला. "खोटं बोललास ते बरं केलंस. पण रिळं उलटी लागतात हे त्याला सांगणार कधी?"

"कशाला सांगायचं?"

"अरे, त्याचं काम आहे. चूक कळायला नको?"

"तुला कळत नाय गो आक्का." तो बाहेर बघत म्हणाला. "सांगितलं तर तो उद्यापासून सरळ लावील."

मी पिशवीत पापड उरले होते ते मोजायचं नाटक केलं.

तो आठवडा ऐन आखणीचा. गणपती तोंडावर आलेले, कारखान्यात मूर्ती रंगून, दागिने घालून, बिनडोळ्यांच्या रांगेनं उभ्या. आणि वसंता रोज जेवून दुपारच्या एसटीनं रोह्याला. परत आला की हातपाय धुऊन कारखान्यात जायचा, पण सगळं मागं पडत चाललं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी कारखानदार माझ्या दारात आला. मी मोदकांच्या पिठीसाठी तांदूळ निवडत बसले होते.

"आक्का, तुमचा भाऊ हाय कुठं? माझे गणपती आंधळे उभे हायत!"

"रोह्याला गेलाय."

"आजपण?"

"घरच्या माणसाला भेटायला जातो."

त्याचा राग जरा उतरला. सगळ्या पेणला आमचं भांडण ठाऊक होतं. "अस्सं! म्हणजे भावाभावांचं मिटलं म्हणायचं?"

"मिटलं," मी म्हटलं. "शुक्रवारी तो सिनेमा उतरेल. मग येईल कामाला. तोवर चहाचे पेले ठेवा तुमच्या गणपतींच्या मांडीवर."

तो गेला. मी सूप जरा उजेडाला ओढलं आणि उरलेले तांदूळ निवडून टाकले.